आष्टीला पोचवायचे तेहतीस अनारसे

दत्तोपंतांच्या घरी त्या वैशाखात अनारसे तीनदा हसले.

अनारसा हसतो म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्या घरातल्या बायका एक तर फार सुगरण असाव्यात किंवा फार शहाण्या. तुपात सोडल्याबरोबर अनारसा जागच्या जागी विरतो, पसरतो आणि त्याचा चुरा कढईभर तरंगू लागतो, त्याला हसणं म्हणतात. इंदिराबाई पहिल्या घाण्याला रडकुंडीला आल्या, दुसऱ्याला खरोखरच रडल्या आणि तिसऱ्याला झारा खाली ठेवून दत्तोपंतांना म्हणाल्या, "तुमच्या लेकीचं आता तुम्ही बघा."

लेक म्हणजे मीरा. आदल्या उन्हाळ्यात ती आष्टीला दिली होती आणि १९५३ साली वैशाख अधिक आला. लग्नानंतरचा पहिला अधिक म्हटल्यावर जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायलाच हवं. तेहतीस म्हणजे तेहतीस. बत्तिसाला वाण म्हणत नाहीत आणि चौतिसाला उधळेपणा म्हणतात. अनारसे जाळीदार हवेत, अखंड हवेत आणि अधिक महिना संपायच्या आत जावयाच्या हाती पडायला हवेत. जावई अच्युतराव आष्टीच्या शाळेत मास्तर. त्यांना वर्ध्याला बोलावून झालं, पण आधी परीक्षा आणि मग पेपर तपासणी, त्यांचा पाय निघेना. तेव्हा वाणानंच आष्टीला जायचं ठरलं.

यात घाबरण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. त्याने मीराचं कार्ड वाचलेलं नाही. तिच्या थोरल्या जावेच्या वडिलांनी मागच्या अधिकात असंच वाण आणलं होतं, पण अमावास्या टळल्यावर, एक दिवस उशिरा. त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षं प्रत्येक सणाला, पानं वाढून झाली की सासूबाई सुलोचनाबाई शांतपणे म्हणतात, "त्यांच्याकडे काय बाई, महिना उलटल्यावर आठवण होते." जाऊ मान खाली घालते. हे सगळं लिहून मीराने शेवटी लिहिलं होतं, "बाबा, वेळेवर या. उशीर होणार असेल तर येऊच नका."

ही शेवटची ओळ दत्तोपंतांना लागली. कचेरीतल्या नकलखान्याचे ते बडेबाबू. जमिनीच्या कागदांच्या नकला देणं हे त्यांचं काम आणि त्या लवकर न देणं हा त्यांचा लौकिक. एकतीस वर्षांच्या नोकरीत वेळेचा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. पोटच्या मुलीने विचारला. "अमावास्येच्या आत तेहतीस अनारसे आष्टीत पोचतील," त्यांनी उलट टपाली लिहिलं आणि खाली सवयीने सही करून तारीख घातली.

पण तांदळाला कार्डं वाचता येत नाहीत. तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, सुकवायचा, कांडायचा आणि मग तो हसणार. शेजारच्या शकुबाई पिठात केळं घालायला सांगून गेल्या. त्यांचे यजमान वासुदेवराव, निवृत्त पोस्टमास्तर, केळं काढायला सांगून गेले. घातलेलं केळं काढायचं कसं, हे दोघांपैकी कुणी सांगितलं नाही. चौथ्या पिठाचे मात्र अनारसे झाले, जाळीदार झाले आणि मोजून तेहतीस झाले. तोवर अमावास्या दुसऱ्या दिवसावर आली होती.

रजेचा अर्ज करताना कारण लिहावं लागतं. दत्तोपंतांनी "धार्मिक कार्य" असं लिहिलं. साहेब नागपूरचे, नव्या विचारांचे. त्यांनी विचारलं, "कोणतं कार्य?" दत्तोपंतांनी खरं ते सांगितलं. साहेबांनी अर्जावर बराच वेळ काही लिहिलं आणि ते काय लिहिलं होतं ते दत्तोपंतांनी पुढे सेवानिवृत्तीपर्यंत कुणाला दाखवलं नाही. रजा मिळाली, तेवढं पुरे.

निघताना शकुबाईंनी आणखी एक मेख मारून ठेवली. "वाण भुईवर टेकवायचं नाही हं दत्तोपंत. टेकलं की फळ गेलं." असं कुठे लिहिलंय, हे विचारायला वेळ नव्हता. पितळी डबा, त्यावर ताट, ताटात निरांजन आणि सगळ्याला गुंडाळलेला रेशमी कद, असं ते बाळंतिणीच्या पहिल्या मुलासारखं दोन्ही हातांत धरून दत्तोपंत पहाटे वर्धा स्टेशनात उभे राहिले. तिकीट काढताना ते बोचकं त्यांनी एका अनोळखी पैलवानाच्या हाती दिलं आणि त्याच्या तोंडावरची नजर काढली नाही. पुलगावला गाडी बदलली. आर्वीच्या छोट्या गाडीत मांडीवर डबा आणि डब्यावर हनुवटी ठेवून ते बसले. समोरच्या बाईने त्यांना पाणी विचारलं, तर मान हलवता येईना म्हणून ते नुसते डोळ्यांनी नको म्हणाले.

आर्वीपर्यंत सगळं वेळापत्रकाबरहुकूम झालं. पुढे आष्टीची मोटार. पण अधिक महिन्यात लग्नं नसतात. लग्नं नाहीत म्हणून वऱ्हाडं नाहीत, वऱ्हाडं नाहीत म्हणून उतारू नाहीत आणि उतारू नाहीत म्हणून मोटार हलत नाही. ज्या पुण्यकारक महिन्यासाठी दत्तोपंतांनी एवढा खटाटोप केला होता, त्याच महिन्याने त्यांची मोटार अडवून धरली होती. अकराची मोटार साडेबाराला निघाली. तळेगावला पोचल्यावर तिच्या मालकाला कारंज्याची भरपूर पोती मिळाली आणि त्याने मोटार सरळ कारंज्याकडे वळवली.

"अहो, मी आष्टीचं तिकीट काढलंय!" दत्तोपंत म्हणाले.

"मंग तिकीट तर आष्टीचंच हाये नं बाबूजी," कंडक्टर म्हणाला, "मोटार कारंज्याची हाये."

असे दत्तोपंत वैशाखाच्या भर दुपारी तळेगावच्या फाट्यावर डबा धरून उभे होते. पंचांगाप्रमाणे अमावास्या संध्याकाळी साडेसहाला संपत होती. दुसरा एखादा परत फिरला असता. मीराच्या कार्डात तशी परवानगीही होती. पण दत्तोपंतांनी टोपी सारखी केली, म्हणजे डब्याच्या कडेने मागे सरकवली, आणि आष्टीच्या दिशेने पायी निघाले. अर्धा मैल गेल्यावर मागून एक छकडा आला. हाकणारा पन्नाशीचा, उघडाबंब, डोक्याला पंचा बांधलेला. नाव चिंधू. आष्टीचाच. दत्तोपंतांनी कुठे आणि कशासाठी निघालो ते त्याला सांगितलं.

"सडकेनं जासान तं दिवस बुडन," चिंधू म्हणाला. "म्या जंगलातून जाऊन राह्यलो. झरीच्या नाल्यावरून. चार वाजता तुमच्या लेकीच्या दारात उतरवतो. बसा."

छकड्यात डबा ठेवायला भरपूर जागा होती, पण छकड्याची फळी म्हणजे भुईच की नाही, याबद्दल शकुबाई काही बोलल्या नव्हत्या. दत्तोपंतांनी धोका पत्करला नाही. डबा मांडीवरच राहिला. दोन्ही बाजूंना वाळलेला साग, तेंदूची झुडपं आणि तापलेले दगड. दत्तोपंतांच्या पाठीचे मणके एकेक करून हजेरी देऊ लागले. तीनच्या सुमाराला वाट दोन दरडींच्या मधून खाली नाल्यात उतरू लागली आणि बैल थांबले.

चिंधूने त्यांना हाक मारली नाही, शेपट्या पिळल्या नाहीत. तो हळूच खाली उतरला आणि दोन्ही वेसणी हातात धरून उभा राहिला. बैलांच्या अंगावर शहारे येत होते.

"काऊन थांबलास?" दत्तोपंतांनी घाईने त्याच्याच बोलीत विचारलं.

चिंधूने नुसती हनुवटी पुढे केली. चाळीस पावलांवर, वाट जिथे नाला ओलांडते नेमकी तिथे, उन्हाळ्याने ठेवलेलं कमरेएवढं पाणी होतं. त्या पाण्यात एक वाघ बसला होता. मागचं अर्धं अंग पाण्यात, पुढचे पंजे वाळूवर आणि डोळे अर्धवट मिटलेले. त्याला त्यांच्याशी काही कर्तव्य नव्हतं. वैशाखात जे वर्ध्यातला प्रत्येक माणूस करू इच्छितो आणि नोकरीमुळे करू शकत नाही, तेच तो करत होता.

"छकडा वळव," दत्तोपंत पुटपुटले.

"दरडीत वळत नाई. सोडलं तं बैल पळते, बैल पळाले तं तो उठते. तुम्ही त्या मोहाच्या झाडावर चढा."

दत्तोपंतांनी मोहाकडे पाहिलं आणि मग मांडीवरच्या डब्याकडे. चढायचं तर दोन हात हवेत. डबा खाली ठेवायचा तर भुई. "मी चढणार नाही," ते म्हणाले. हे शौर्य नव्हतं. पण लांबून पाहणाऱ्याला ते शौर्यच वाटलं असतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला लांबून पाहणारं कुणी नाही याचं त्यांना वाईट वाटलं.

साडेतीन झाले. वाघाने कान हलवला. चार झाले. दत्तोपंतांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं, चुळबुळ केली, घसा साफ करायला गेले.

"खोकलू नका," चिंधू हलक्या आवाजात म्हणाला. "खोकललं का साहेब चिडते. टक लावून पाह्यलं तरी चिडते. अन् पाठ फिरवली का तुमचा नंबर गेला. गुमान बसून राहाचं. त्याईचं काम झालं का त्याईच्या मनानं उठते."

"तुला वाघांची इतकी माहिती कशी?"

"वाघाची नाई बाबूजी. तुमची." चिंधूचा चेहरा अगदी साधा होता. "दोन वर्साखाली तुमच्या नकलखान्यात गेलतो. बापाच्या वावराची नकल पायजे होती. तीन दिवस तुमच्या टेबलासमोर बसलो. तिथं शिकलो मी, कसं बसाचं ते."

दत्तोपंतांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यांना काही आठवेना. टेबलासमोर बसलेली माणसं त्यांना कधीच आठवत नसत, कारण त्यांनी ती पाहिलेलीच नसत. ते कागदात डोकं घालून बसत. आणि समोरचा तिसऱ्यांदा खोकला तरच मान वर करायची, हा त्यांनी स्वतःच घालून घेतलेला नियम होता. त्यांना एकदम उकडू लागलं. ऊन तर मघापासून तेवढंच होतं.

"मिळाली का नक्कल?" त्यांनी विचारलं.

"मियाली. चौथ्या दिवशी." चिंधूने बैलाच्या कपाळावरून हात फिरवला. "हा बी उठन."

पाचाला वाघाने जांभई दिली. जेवणाच्या सुट्टीनंतरची ही जांभई दत्तोपंत चांगली ओळखून होते. तिच्यानंतर तासभर तरी कामकाज पुढे सरकत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी पलीकडच्या दरडीतून सायकलची घंटा वाजली. उतार लागला होता, वळण आंधळं होतं, घंटा वाजवणारा शिस्तीचा मास्तर होता. वाघाने मान तिकडे वळवली. सायकल पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ एक पांढरं स्वच्छ धोतर पळसाच्या झाडावर झपाट्याने वर जाताना दिसलं. ते कुठवर चढतंय याकडे वाघाने कुतूहलाने पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

"मामाजी?" झाडावरून दबका आवाज आला.

"अच्युतराव?"

सासऱ्यांची मोटार आली नाही म्हणून जावई जवळच्या आडवाटेने तळेगावकडे त्यांना शोधायला निघाला होता. आता जावई पळसावर, सासरा छकड्यात, मध्ये नाला आणि नाल्यात तो. एकमेकांची दृष्टभेट झाली, पण कुशल विचारण्यासारखी परिस्थिती नव्हती.

साडेपाच. पावणेसहा. सूर्य सागाच्या शेंड्यांत उतरला. दत्तोपंतांना मीरा दिसू लागली. दिवाळीच्या पानावर, मान खाली घालून, जावेच्या शेजारी. तीन वर्षं. पुढचा अधिक येईपर्यंत प्रत्येक सणाला. सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी घड्याळ खिशात टाकलं.

"चिंधू, काड्याची पेटी आहे?"

"काऊन?"

"दे."

त्यांनी कद सोडला, डब्यावर ताट नीट बसवलं, निरांजन लावलं. मग डबा पोटाशी धरून ते छकड्यात उभे राहिले. चिंधूच्या हातातल्या वेसणी ताणल्या गेल्या. "बाबूजी, बसा!"

"बसलो मी तीन तास," दत्तोपंत म्हणाले आणि खच्चून ओरडले, "अच्युतराव!"

"मामाजी, ओरडू नका!"

"ओरडल्याशिवाय ऐकू कसं येणार? मी वाण देतो आहे. घ्या!"

"कसं घेऊ? मध्ये..."

"मध्ये कोण आहे ते मला दिसतंय! कबजा तोंडी देता येतो. माल मागाहून येतो. एकतीस वर्षं मी हेच कागद पाहतो आहे!" त्यांनी डबा एका हाताने कवटाळला, वेसणी एका मुठीत धरलेल्या चिंधूला छकड्याला टांगलेल्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी दुसऱ्या हातावर घालायला लावलं आणि येईल ते संस्कृत मोठ्याने म्हणून ते सोडलं. ते छकड्याच्या चाकावर पडलं. "हात पुढे करा!"

झाडावरून एक हात पुढे आला. दुसऱ्याने फांदी धरली होती. "पावलं!"

"किती?"

"तेहतीस!"

"केव्हा?"

"आज, अमावास्येच्या आत, तेहतीस अनारसे पावले! मामाजी, आता बसा हो!"

तेव्हा वाघ उठला. दोघांच्या मधोमध चाललेला हा व्यवहार त्याला सहन झाला नसावा. त्याने अंग झाडलं, पाण्याचे थेंब वाळूवर उडाले आणि त्याने दत्तोपंतांकडे मान वर करून सरळ पाहिलं. भीतीने दत्तोपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण निरांजन त्यांनी विझू दिलं नाही. एका क्षणाने वाघ वळला आणि नाल्याच्या पात्रातून, कुठलीही घाई न करता, खालच्या अंगाला निघून गेला.

इथवर बैलांनी धीर धरला होता. आता त्यांना तो धरवेना. चिंधूला जेमतेम उडी मारून बसता आलं. छकडा पाण्यातून उडाला, पलीकडची दरड चढला, पळसाखालून गेला आणि पुढचे चार मैल दगड, खड्डे, मुळं काहीही न बघता पळत सुटला. मागून अच्युतराव सायकलवरून "सांभाळा, सांभाळा" म्हणत येत होते. दत्तोपंत डबा सांभाळत होते. दोन वेळा ते स्वतः छकड्यात उताणे पडले, एकदा अर्धे बाहेर लोंबले, टोपी गेली, निरांजन गेलं, डावी चप्पल गेली. पण डबा छातीवरून हलला नाही, आणि तो भुईला टेकला नाही.

दिवेलागणीला छकडा दाराशी थांबला. सुलोचनाबाई ओसरीवर उभ्याच होत्या. मागे मीरा, तिच्यामागे थोरली जाऊ. दत्तोपंतांनी एका पायात चप्पल, डोक्यावर माती अशा थाटात डबा विहीणबाईंच्या हाती दिला. त्यांनी तो देवासमोर नेऊन पाटावर ठेवला आणि झाकण उघडलं.

आत एकही अनारसा नव्हता. डबाभर चुरा होता, खसखस मिसळलेला, बारीक, सारखा. इतका सारखा चुरा पाट्यावर वाटूनही झाला नसता.

थोरली सून खरोखरच्या काळजीने म्हणाली, "सासूबाई, मोजायचे कसे?"

दिवसभरात पहिल्यांदाच दत्तोपंतांच्या हातात काही नव्हतं आणि हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. मीराने खाली पाहिलं.

"मोजायचे नाहीत," दारातून अच्युतराव म्हणाले. त्यांच्या धोतराला पळसाचा चीक लागला होता आणि ते धापा टाकत होते. "आई, वाण मी झरीच्या नाल्यावर घेतलं. दिवस असताना, अमावास्येच्या आत, तेहतीस, अखंड. मी पावलं म्हणालो. त्यानंतर जे मोडलं, ते आपल्या घरचं मोडलं."

मीराने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून इतकं नीट तिने त्याच्याकडे पाहिलं नसेल.

"साक्षीला कोण होतं?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"मी होतो, बाई," अंगणातून चिंधू म्हणाला. "अन् आणखी एक जण होते. पण ते सही करत नाईत."

सुलोचनाबाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा चपलेविना उभ्या व्याह्यांकडे. मग वाकून चुऱ्याची एक चिमूट तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

"मीरा, वाट्या आण," त्या म्हणाल्या. "अंगणातल्या माणसालाही दे. आपल्या घरचं मोडलंय, आपल्यालाच संपवायला हवं."

दत्तोपंत पाय धुवायचे म्हणून मोरीकडे गेले. तिथे त्यांनी पुष्कळ वेळ डोळेच धुतले आणि बाहेर आले तेव्हा थोरली सून त्यांची वाटी घेऊन उभी होती.